गोदीतला जुना ग्रुप फोटो सापडला: पुसायच्या आधी नावं लिहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि जोडलेला फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ठाण्यातल्या कोपरीत राहणाऱ्या या गृहस्थांना पणजोबांच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो मिळाला. बारा बाय दहा इंची प्रिंट, जाड तपकिरी माऊंटवर, म्हणजे पुठ्ठ्यावर, चिकटवलेली, चार रांगांत त्रेचाळीस माणसं. खालची इंग्रजी ओळ कसरीने खाल्लेली. तिच्यात ‘अलेक्झांड्रा डॉक’ आणि ‘१९३’ एवढंच वाचता येतं, सालाचा शेवटचा आकडा गेलेला. पणजोबांचा जन्म १९०५ च्या आसपासचा, ते मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद लिहिणारे कारकून, होते. आजी म्हणतात, खुर्चीवर बसलेल्यांतले डावीकडून चौथे ते. चुलत काका म्हणतात, ते मागे उभे आहेत. फोटो कशाने पुसायचा, कोणत्या ॲपने स्पष्ट आणि रंगीत करायचा, आणि भावकीच्या ग्रुपवर टाकताना कोणाभोवती गोल काढायचा, असे तीन प्रश्न आहेत.

मी नौपाड्यात राहते आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ जुन्या फोटोंचं जतन आणि नोंदणी हेच काम करते. माझे वडील जांभळी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत रिटचिंग करायचे, त्यामुळे ग्रुप फोटो कसा काढला जातो आणि कसा विकला जातो हे लहानपणापासून पाहिलं. त्या अनुभवावरून सांगते, तुमचे तीनही प्रश्न योग्य आहेत, पण क्रम उलटा हवा. पुसणं शेवटी. हा फोटो नव्वद वर्षं ट्रंकेत टिकला, कोरड्या कपाटात आणखी एक-दोन वर्षं सहज टिकेल. तुमच्या आजी ८६ वर्षांच्या आहेत. करंजाला आजोबांची थोरली बहीण असते, ती ९१ ची, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच.

आधी तो वाद घेऊ. आजी खोटं सांगत नाहीत आणि काकाही नाहीत. त्या दोघांनी पणजोबांना वेगवेगळ्या वयात पाहिलं आहे, एवढाच फरक. आजी सून म्हणून घरात आल्या तेव्हा पणजोबा पन्नाशीचे असणार. त्यांच्या मनातला सासऱ्यांचा चेहरा पन्नाशीचा आहे, आणि खुर्चीवरचे चौथे गृहस्थ, पिकलेल्या मिशांचे, बरोबर त्याच वयाचे दिसतात. पण फोटो १९३० च्या दशकातला असेल तर पणजोबा तेव्हा पंचवीस ते चौतीस वर्षांचे. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ओळख सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते केवढे होते? माणूस ओळखतो तो आपल्या आठवणीतला चेहरा. म्हणून आजींनी दाखवलेला माणूस पणजोबा नसण्याचीच शक्यता जास्त वाटते. तरीही त्यांचं म्हणणं खोडून टाकू नका. गोदीत नोकरी लागायची ती बऱ्याचदा आधीपासून तिथे असलेल्या नातेवाइकाच्या ओळखीने. चेहरेपट्टी इतकी जुळत असेल तर ते चौथे गृहस्थ तुमच्याच घरातले कोणी, पणजोबांचे काका किंवा मामा, असूही शकतात. सासूबाईंकडून कधी असं काही ऐकलं होतं का, हे आजींना विचारा.

काकांचं म्हणणं वयाच्या हिशेबात बसतं, पण त्यांनीही पणजोबांना तरुणपणी पाहिलेलं नाही. करंजाच्या आत्याआजींचा, म्हणजे आजोबांच्या त्या थोरल्या बहिणीचा, जन्म १९३४ च्या आसपासचा. वडील तिशी-पस्तिशीत कसे दिसायचे हे सांगू शकेल असं माणूस आज बहुतेक त्या एकट्याच. आपल्याकडे जुना फोटो निघाला की घरातल्या पुरुषांना विचारतात, फार तर घरात असलेल्या सुनांना. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली विसरल्या जातात. माझ्या वहीतल्या सगळ्यात खात्रीच्या ओळखी माहेरवाशिणींनी दिलेल्या आहेत. चेंदणी कोळीवाड्यातून वसईकडे दिलेल्या एका आजींनी वडिलांना चेहऱ्यावरून ओळखलंच नाही, डोळ्यांना तेवढं दिसत नव्हतं. छत्री मांडीवर आडवी धरून तिच्यावर दोन्ही मुठी ठेवायची त्यांची सवय त्यांनी ओळखली. नंतर दुसऱ्या घरातल्या प्रतीवर लिहिलेलं नाव तेच निघालं.

आता या फोटोकडे कागदपत्र म्हणून कसं पाहायचं ते सांगते, कारण साल आणि माणसं दोन्ही त्यातूनच निघतात.

मुंबईत कॅमेरा फार लवकर आला. बॉम्बेची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मधली, आणि भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक. पण त्या काळात सामान्य माणसांचे जे समूह टिपले गेले त्यात नावं नसायची. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे समूहफोटो प्रसिद्ध केले. त्यात माणसांच्या मागची दृश्यं बऱ्याचदा वेगळीकडे टिपून छापताना जोडलेली आहेत, आणि खाली लिहिलंय ते जातीचं किंवा धंद्याचं नाव. समोर बसलेला माणूस कोण, कोणाचा बाप, कुठल्या वाडीतला, काहीही कळत नाही. तुमच्या ट्रंकेतला फोटो त्याच्या अगदी उलट आहे. तो त्या माणसांनी स्वतः ठरवून, पदरचे पैसे घालून काढलेला. बंदराच्या शहरात गावाहून आलेल्या माणसांनी खात्याचा, गावकऱ्यांच्या खोलीचा, भजनी मंडळाचा, ग्रामस्थ मंडळाचा, क्रिकेट संघाचा फोटो काढला तो ‘आम्ही इथे होतो’ हे घरच्यांना दाखवायला. त्याखालची नावं गेली तर नव्वद वर्षांनी तेही पुन्हा नाव नसलेल्या गर्दीत जमा होतात. म्हणून मी नावांच्या मागे एवढी लागते.

त्यातही नावं सगळ्यांची लिहिली जात नसत. बसलेल्यांची पूर्ण, उभ्यांची आद्याक्षरांसकट, जमिनीवर मांडी घालून बसलेल्यांची बहुधा नाहीतच. तुमच्या फोटोत पुढे जमिनीवर सहाजण आहेत, त्यांतल्या चौघांच्या छातीवरून आडवा पट्टा आणि त्यावर गोल पितळी बिल्ला दिसतो. पट्टेवाला हा शब्द त्या पट्ट्यावरून आला. ओळीतला मजकूर शाबूत असता तरी त्या चौघांची नावं तिथे मिळाली असती असं मला वाटत नाही. बिल्ल्यावर मात्र आकडा असतो, आणि नीट स्कॅन केला तर तो कधीकधी वाचता येतो. जे फोटोत नाहीतच त्यांचाही विचार करा. जहाजावर माल चढवणारे-उतरवणारे बहुसंख्य कामगार तेव्हा रोजंदारीवर, टोळीवाल्यांमार्फत भरले जायचे. त्यांच्या रोजगाराचं नियमन करणारा गोदी कामगार कायदा झाला १९४८ मध्ये. त्याआधीच्या ‘स्टाफ’च्या फोटोत बसायला त्यांना कोणी बोलावलं नसतं. कोणी तुम्हाला म्हणालं की आमचे आजोबाही त्याच गोदीत होते, पण फोटोत सापडत नाहीत, तर हे कारण त्यांना सांगा.

मधल्या खुर्चीवरचा साहेब गळ्यात हार घालून बसलाय आणि समोर टेबलावर तबक आहे, बहुतेक पानसुपारीचं. हा निरोप समारंभाचा फोटो दिसतो, वार्षिक नव्हे. कोणीतरी निवृत्त होतोय किंवा बदलून जातोय. याचा उपयोग असा की त्या साहेबाचं नाव मिळालं की साल मिळतं. कसरीने अक्षरं खाल्ली असली तरी छपाईचा दाब माऊंटच्या पुठ्ठ्यात उरलेला असू शकतो. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च माऊंटच्या कडेला, अगदी सपाट कोनात धरा. प्रकाश आडवा गेला की दबलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. मला याने दोनदा गेलेला आकडा मिळालाय, अनेकदा मिळालेला नाही. तुमच्या माऊंटवर ओळ छापलेली आहे की हाताने लिहिलेली यावर ते अवलंबून. स्टुडिओचं नाव ठशाने उमटवलेलं असेल तर तेही असंच दिसेल, उजवीकडे खाली बघा.

सालाच्या बाकी खुणा तुमच्या बाबतीत फार उपयोगी नाहीत, कारण दशक हातात आहेच. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ चा, त्यामुळे खालची मर्यादा तशीही आपोआप येते. टोप्या बघा. खुर्च्यांवर दोन-तीन पागोटी, मागे काळ्या टोप्या, गांधी टोपी एकही नाही. सरकारी किंवा पोर्ट ट्रस्टच्या साहेबाबरोबरच्या फोटोत स्वातंत्र्याआधी ती सहसा दिसतही नाही, तेव्हा १९३२ की १९३८ हे तिच्यावरून ठरणार नाही. दशकही माहीत नसलेल्या फोटोंना मात्र एक गोष्ट लागू पडते. हातातली प्रत नंतर पुन्हा छापलेली असू शकते. प्लॅस्टिकसारखा, न सुरकुतणारा कागद असेल तर ती प्रत साधारण १९७० नंतरची. शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो शिक्का १९७२ नंतरचा, फोटो कितीही जुना असो. गोदीच्या फोटोंत मागच्या शेडकडेही बघावं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि प्रिन्सेस व व्हिक्टोरिया डॉकचा परिसर उद्ध्वस्त झाला. तिथली तेव्हा पडलेली शेड फोटोत उभी दिसली तर फोटो त्याआधीचा. तुमच्या फोटोत मागे नुसती कनात आहे, त्यामुळे हा मार्ग बंद.

वरच्या उजव्या कोपऱ्यात लंबगोलात एक वेगळा चेहरा चिकटवलाय, तो तुम्ही त्रेचाळिसात धरलाय का? अशा लंबगोलातला माणूस त्या दिवशी हजर नसतो. रजेवर असेल, किंवा वारलेला असेल आणि सहकाऱ्यांनी आठवणीने त्याला फोटोत घेतला असेल. डोकी मोजताना तो वेगळा मोजा, नाहीतर नावं आणि माणसं जुळत नाहीत आणि सगळी यादी एकाने सरकते.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. फोटोला काहीही करण्याआधी त्याची प्रतिमा घ्या. तुमची प्रिंट निगेटिव्हला भिडवून छापलेली असावी, म्हणजे निगेटिव्हच बारा बाय दहाची. त्यामुळे या फोटोंत बारकावा अफाट असतो. मोबाइलवर जे धूसर वाटतं ते बऱ्याचदा फोटोत स्पष्ट असतं. त्यातला एक चेहरा साधारण आठ मिलिमीटरचा आहे असं धरलं, तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) त्याला १९० पिक्सेल मिळतात आणि १२०० ला ३८० च्या आसपास. ओळख पटवायला हा फरक मोठा आहे. घरगुती स्कॅनरची काच साडेआठ इंच रुंद असते, तुमचा माऊंट तिच्यावर मावणार नाही. तो दाबून, वाकवून किंवा कापून बसवायचा प्रयत्न करू नका. इतका जुना पुठ्ठा बिस्किटासारखा मोडतो, आणि मोडतो तो नेमका चेहऱ्यांवरून. चांगला कॅमेरा असलेल्या कोणाला तरी बोलवा. फोटो सपाट टेबलावर ठेवा, कॅमेरा तिपाईवर बरोबर वरून, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत सारखा प्रकाश, फ्लॅश बंद. आधी माऊंटसकट पूर्ण, मग जवळून सहा किंवा आठ तुकडे, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला. मागची बाजूही घ्या, कोरी दिसली तरी. कॅमेऱ्याची सोय नसेल तर सकाळी गॅलरीतल्या सावलीत मोबाइलने हेच करा, तेही चालेल. फाइल कोणाला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळा बारकावा वाटेत गळून जातो.

मग नावं. ट्रेसिंग पेपर फोटोच्या अंगावर ठेवायचा नाही, छापून आणलेल्या प्रतीवर ठेवायचा. प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडा घाला, जमिनीवरच्या रांगेपासून सुरुवात करून, आपल्या डावीकडून उजवीकडे. लंबगोलाला शेवटचा आकडा. आता ज्यांना विचारायचं त्यांना एकेकटं गाठा. चारचौघांत विचारलं की घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जे म्हणतो तेच सगळ्यांना आठवायला लागतं. ‘हे पणजोबा ना?’ असं विचारू नका, ‘यात ओळखीचं कोणी दिसतंय का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. फार वेळ गप्प बसावं लागतं. नाव आलं की लगेच विचारा, कशावरून? कानांवरून, उभं राहण्यावरून, की हा फोटो पूर्वी भिंतीवर असताना कोणी सांगितलं होतं म्हणून? वहीत आकड्यापुढे नाव, सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि तीनपैकी एक शब्द लिहा: पक्कं, बहुतेक, ऐकीव. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा. तिसरं कोणी भेटेपर्यंत निवाडा करू नका.

हे इतकं निक्षून सांगते कारण मी एकदा केला होता. एका गावच्या मंडळाच्या फोटोत वयाने सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितलेली नावं मी शंका न घेता पक्की म्हणून लिहिली. मंडळाने स्मरणिकेत ती छापली. दोन वर्षांनी एक बाई माझ्याकडे आल्या. छापलेल्या फोटोत त्यांच्या वडिलांच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं नाव होतं, आणि त्यांच्याकडे वडिलांचा दुसरा एकही फोटो नव्हता. स्मरणिका तोवर शेकडो घरांत गेली होती. ती चूक आता कोणी पूर्ण दुरुस्त करू शकत नाही.

आडनावांनी आपल्या भागात फार गोंधळ होतो. ओळीत नुसतं ‘आर. पी. पाटील’ असेल तर कोपरी, कळवा, दिवा, ऐरोली यांपैकी कुठले पाटील ते कळणार नाही. म्हात्रे, भोईर, वैती, तांडेल यांचंही तेच. म्हणून घरातलं टोपणनाव आणि आळीचं नाव आवर्जून विचारा. म्हातारी माणसं कागदावरच्या नावापेक्षा त्यावरूनच माणूस चटकन ओळखतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही नक्की पाहा. ग्रुप फोटोचा धंदा प्रतींवर चालायचा. फोटोग्राफर एकच निगेटिव्ह काढायचा आणि फोटोतल्या जितक्यांना हवी तितक्यांना प्रत विकायचा. घरी नेल्यावर लोक आपल्या माणसाच्या डोक्यावर किंवा छातीवर शाईने बारीक फुली करायचे, कोणी टाचणीने टोचायचे. गावाकडच्या आईला मुलगा दाखवायचा तर तसं करावंच लागायचं. मोठ्या केलेल्या प्रतिमेत प्रत्येक डोक्याभोवती अशी खूण शोधा. सापडली तर तुमचा तिसरा प्रश्न पणजोबांनी स्वतःच सोडवून ठेवलाय. आणि याचाच दुसरा अर्थ असा, की हाच फोटो आणखी कुठल्या तरी घरांत असणार. तुमच्या प्रतीतली खाल्लेली ओळ त्यांच्याकडे शाबूत असेल. त्या काळचे तुमच्या वस्तीतले गोदीवाले बहुधा एकाच गाडीने जायचे-यायचे, त्यांची घरं आजी सांगतील. त्या घरांत माळ्यावर बघायला सांगा. मंडळांच्या आणि कामगार संघटनांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकाही चाळा, त्यांत जुने ग्रुप नावांसकट छापलेले असतात. घरच्या कागदांत पणजोबांचं सेवापुस्तक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पेन्शनचा कागद असं काही असेल तर ते फोटोइतकंच सांभाळा. नोकरीला लागल्याची तारीख मिळाली तर ‘१९३’च्या पुढचे काही आकडे आपोआप बाद होतील.

ॲपबद्दल मला कळकळीने सांगायचंय. चेहरा स्पष्ट करणारं ॲप तुमच्या पणजोबांचा चेहरा शोधून काढत नाही. त्याने पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून एक शक्य असणारा चेहरा तिथे बसवतं. डोळ्यांना पाणीदार चमक येते, मिशीला आकार येतो, आणि देवीचे व्रण पुसले जातात. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची ओळख व्रणांवरूनच पटते. माझे वडीलही निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने व्रण भरायचे, गिऱ्हाईक सांगायचं म्हणून. तेव्हा मूळ फोटोही शंभर टक्के खरा असतोच असं नाही, हे मला मान्य आहे. पण ते एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे बघत केलेलं काम होतं. ॲपने केलेला चेहरा आत्याआजींना दाखवलात आणि त्या ‘हे आमचे बाबा नव्हेत’ म्हणाल्या, तर ती साक्ष कायमची गढूळ झाली. रंगीत प्रत करायची हौस असेल तर जरूर करा, घरच्यांना आनंद होतो. पण नावं गोळा झाल्यावर, आणि त्या प्रतीवर ‘रंग नंतर भरलेला’ असं ठळक लिहून. भावकीच्या ग्रुपवर आत्ता टाकायचा तर माऊंटसकट, जसा आहे तसा टाका आणि कोणाभोवतीही गोल काढू नका. एकदा गोल काढलात की पुढे सगळे त्यालाच पणजोबा म्हणतील.

राहिलं पुसणं. तुमच्या फोटोला काच नाही हे नशीब. वरची मोकळी धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवा, मग अगदी मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे, वजन न देता. एवढंच. ओलं फडकं, स्पिरिट, चष्म्याचं पाणी, कणकेचा गोळा, बटाट्याची फोड, यातलं काहीही नाही. कडांना निळसर चंदेरी चमक दिसतेय ती मळ नाही. फोटोतली चांदीच वर आलेली आहे, ती घासली तर प्रतिमाच घासली जाईल. कसरीने खाल्लेल्या कडा तशाच राहू द्या, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पृष्ठभागाचे पापुद्रे निघत असतील किंवा मऊ बुरशी असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून फोटो जाणकाराला दाखवा. ब्रशनेही नुकसान होईल. तुम्ही पाठवलेल्या चित्रात तसं दिसत नाही, पण पृष्ठभाग प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी खात्री देणार नाही.

ज्यांचे फोटो काचेच्या फ्रेममध्ये आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, भिजवूही नका. काचेसकट त्याची प्रतिमा घ्या. सुरुवातीच्या वर्षांत मी असा एक फोटो सोडवायला गेले, आधी प्रतिमा न घेता. दुसऱ्या रांगेतले तीन चेहरे काचेवर राहिले आणि कागद पांढरा झाला. तेव्हापासून आधी प्रतिमा घेतल्याशिवाय मी कुठल्याही फोटोला हात लावत नाही.

ठेवायचं कसं, तर आपल्या हवेचा विचार करून. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. फोटोवरचा जिलेटिनचा थर तेव्हा फुगतो, चिकट होतो, आणि जिलेटिन कसरीचं आवडतं खाणं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, स्वयंपाकघराजवळ नको. आम्लमुक्त कागद आणि खोकं मिळालं तर उत्तम. नाहीतर धुऊन वाळवलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून स्टीलच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला, दोन्ही त्या कप्प्यात नकोत. सिलिका जेलच्या नारिंगी गोळ्यांची पुडी ठेवा, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. पावसाळा संपला की एकदा उघडून बघा. भिंतीवर लावायला, हार घालायला, उदबत्ती ओवाळायला प्रत छापून घ्या, चांगल्या कागदावर मूळ मापातच. फोटोवर कुठेही काही लिहू नका, आणि माऊंटच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही.

तेव्हा या आठवड्यात प्रतिमा घेणं आणि ट्रेसिंग काढणं एवढं करा, आणि रविवारी करंजाला जा. आजींनाही झेपणार असेल तर बरोबर न्या. मात्र आत्याआजींना आधी एकट्यांनाच दाखवा, नंतर दोघींना एकत्र बसू द्या आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावून ठेवा. दोघी एकमेकींना आठवण करून देतात तेव्हा नावांबरोबर बरंच काही येतं. उभ्या रांगेत उजवीकडून तिसरा तरुण मान किंचित डावीकडे कलवून उभा आहे, त्याच्याबद्दल काही न सुचवता त्या काय म्हणतात ते मला कळवा. आणि माऊंटच्या मागच्या बाजूचा फोटो तुम्ही टाकलेला नाही, तो आधी पाठवा.